स्वालबार्डची स्कूटर-सफर: ऐकीव काय, खरं काय

नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून बरंच उत्तरेला, ७४ ते ८१ अंश अक्षांशांच्या दरम्यान, स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढं. त्यातला जवळपास साठ टक्के भाग हिमनद्यांखाली. लाँगयरब्येन ही सर्वांत मोठी वस्ती, आणि तिची लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला रस्ताच नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात स्नोमोबाईल, जिला तिथले लोक नुसतं स्कूटर म्हणतात. फेब्रुवारीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत या स्कूटरवरून, वाटाड्यासोबत, तीन-चार-पाच दिवसांच्या सफरी निघतात.

युरोपच्या उत्तर टोकाला जाऊन येणं मराठी घरांत आता फारसं नवलाचं राहिलेलं नाही, त्यामुळे या सफरींची चर्चाही कानावर येते. तिच्याबरोबर बऱ्याच कल्पना येतात, आणि बहुतेकींचं मूळ दोन मिनिटांच्या व्हिडिओत असतं: बर्फ उडतोय, इंजिन गर्जतंय, माणूस एकटाच क्षितिजाकडे निघालाय. प्रत्यक्षात या सफरीत एकटेपणा मिळत नाही, वेग बेताचाच मिळतो आणि मोकळीक त्याहून कमी. माझ्या मते तरीही ती करण्याजोगी आहे, पण काय करायला चाललोय हे ठाऊक असेल तरच.

“टू-व्हीलर चालवतो, मग हा तर हातचा मळ!”

मशीनचं वजन अडीचशे-तीनशे किलो. गिअर नाहीत, आपल्याकडच्या गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तसाच पट्ट्यावर चालणारा व्हेरिएटर इथेही असतो. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा. चालू करणं आणि सरळ नेणं थोड्या वेळात जमतं. अडचण पुढे सुरू होते, आणि ती दुचाकीवाल्यालाच जास्त येते. तोल गेला की पाय खाली टेकवायचा, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. इथे पाय फळीबाहेर काढला तर तो मशीन आणि बर्फ यांच्यात सापडून मोडू शकतो. उतारावर आडवं जाताना मशीन कलंडतंय असं वाटलं तरी पाय फळीवरच ठेवायचे आणि अंगाचं वजन चढाच्या बाजूला टाकायचं. ॲक्सिलरेटरही मनगटाने पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. माणूस घाबरून हँडल गच्च धरतो, त्याबरोबर अंगठा दाबला जातो, आणि जिथे थांबायला हवं तिथे मशीन पुढे झेपावतं. म्हणून चालवणाऱ्याच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं.

कार किंवा मोटारसायकलचा वैध परवाना लागतो. दारूची मर्यादा नॉर्वेतल्या रस्त्यांसारखीच कडक आहे: रक्तात हजारी ०.२ भाग. आदल्या रात्रीची मैफल सकाळी मोजली जाऊ शकते.

आणि वेग? दिवसभराच्या प्रवासाची सरासरी ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वर क्वचितच जाते. दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात अंगठा, खांदे आणि कंबर यांची कसोटी लागते, शौर्याची फारशी लागत नाही. ढगाळ दिवशी तर सावल्याच नाहीशा होतात. जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचं होतं आणि समोर दोन फुटांचा खड्डा असला तरी दिसत नाही. अशा वेळी पुढच्या मशीनचा लाल दिवा एवढीच खूण उरते.

आणखी एक गंमत. बऱ्याच मशीनचं इंजिन थंड राहतं ते पट्ट्याने उडवलेल्या बर्फामुळे. टणक, गुळगुळीत बर्फावरून बराच वेळ गेलं तर उणे पंधरातही इंजिन तापतं. वाटाडा मध्येच वाट सोडून मऊ बर्फात दोन वळणं घेऊन येतो, त्यात हौसेचा भाग कमीच असतो.

“मोकळं रान आहे, हवं तिकडे जा”

सर्वांत पक्का रुजलेला गैरसमज हाच. सह्याद्रीत ट्रेकला पुढे लीड आणि मागे बॅकलीड असतो, मधल्यांनी रांग मोडायची नसते. इथली शिस्त तशीच, पण चूक झाली तर तिची किंमत बरीच जास्त. सगळ्यांनी वाटाड्याच्या मशीनने पाडलेल्या चाकोरीतूनच जायचं, कारण तेवढीच जमीन त्याने पारखलेली असते. हिमनदीत खोल भेगा असतात आणि हिवाळ्यात त्यांच्यावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाचे पूल तयार होतात. वरून बघणाऱ्याला भेग आणि सपाटी यांत फरक कळत नाही. चाकोरीपासून दहा मीटरवर फोटोसाठी वळलेला माणूस कशावर उभा आहे हे कुणालाच माहीत नसतं. पुढच्याने हात वर केला की मागच्यानेही करायचा. तो इशारा शेवटच्या मशीनपर्यंत पोचला की सगळे थांबतात.

निसर्गाइतकाच कायदाही आडवा येतो. स्वालबार्डचा पर्यावरण संरक्षण कायदा २००१चा, लागू झाला २००२ मध्ये. द्वीपसमूहाची सुमारे दोन तृतीयांश जमीन राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव क्षेत्रांत मोडते. वाहन फक्त गोठलेल्या आणि बर्फाने झाकलेल्या जमिनीवरच चालवता येतं. स्थानिक रहिवाशाला जिथे स्कूटर नेता येते त्यातल्या कितीतरी भागात बाहेरून आलेल्याला नेता येत नाही. पाहुण्यांसाठी लाँगयरब्येनभोवतीचा मध्यवर्ती पट्टाच पूर्वसूचनेशिवाय खुला आहे. त्यापलीकडे जायचं तर गव्हर्नरच्या कार्यालयाला आधी बेत कळवावा लागतो आणि शोध-बचावाचा विमा दाखवावा लागतो. टेम्पेलफ्योर्ड, बिलेफ्योर्ड अशा काही फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांच्या, गोठलेल्या पाण्यावर वसंतात स्कूटरला निर्बंध असतात, कारण तिथे रिंग्ड सील पिल्लं घालतात आणि त्यांच्या मागावर अस्वलं येतात. गावाच्या आसपासचे काही भाग तर स्कूटरमुक्तच ठेवलेत, स्कीवाल्यांना आणि कुत्र्यांच्या गाड्यांना शांतता मिळावी म्हणून.

आता एक टोचणारा मुद्दा, जो सफरी विकणारे हळू आवाजात सांगतात. ही पेट्रोलवर चालणारी यंत्रं आहेत, आणि ज्या बर्फासाठी लोक येतात त्याच्या वितळण्याशी त्यांच्या धुराचा संबंध आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटर आल्या आहेत, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि वाटेत चार्जिंग नाही, त्यामुळे अनेक दिवसांच्या लांब टप्प्यांना आज तरी पेट्रोलला पर्याय नाही.

“उणे चाळीसात माणूस गोठून जातो”

लाँगयरब्येनच्या विमानतळावर उणे ४६.३ अंशांची नोंद आहे खरी, पण ती मार्च १९८६ची. अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह स्पिट्सबर्गन या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला लागूनच जातो, त्यामुळे इतक्या अक्षांशाच्या मानाने इथला हिवाळा सौम्य. मार्चमध्ये उणे दहा ते उणे वीस हे नेहमीचं हवामान म्हणायला हरकत नाही.

खरा घात करतो तो वारा, आणि स्कूटरवर तो आपणच निर्माण करतो. हवेचं तापमान उणे पंधरा असेल आणि तुम्ही ताशी चाळीसने जात असाल, तर उघड्या कातडीला ते उणे सत्तावीसच्या आसपास जाणवतं. त्यामुळे आयोजक जाड सूट, बूट, हेल्मेट, गॉगल सगळं देतात आणि हँडलला विजेची ऊब असते. आतले कपडे मात्र तुमचे. तिथे सुती बनियन घालून गेलात तर घामाने भिजलेलं सूत दिवसभर अंगाला थंडगार चिकटून राहतं. लोकरीला पर्याय नाही. कानातले दागिने काढून ठेवा, धातूच्या फ्रेमचा चष्मा टाळा. धातू लागेल तिथली कातडी आधी पांढरी पडते.

उलट भीती बाळगायची ती उबेची. हिवाळ्यात पाऊस पडतो आणि तोच या मोसमाचा मोठा शत्रू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर पाऊस पडून बर्फावर पाण्याची तळी साचल्याचं तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी नोंदवलं. पाऊस पडून पुन्हा गोठलं की जमिनीवर बर्फाचं कवच बसतं, रेनडियरना खालचं खुरटं गवत मिळत नाही, आणि त्यावर नवा बर्फ साठला तर तो घसरायला तयारच असतो. डिसेंबर २०१५ मध्ये लाँगयरब्येनच्या घरांवरच हिमस्खलन आलं, अकरा घरं उद्ध्वस्त झाली आणि दोघांचा जीव गेला. हे गावात घडलं, दूरच्या रानात नव्हे. म्हणून सफरीवर प्रत्येकाच्या अंगावर हिमस्खलनात शोध लागावा यासाठी संदेश सोडणारं छोटं यंत्र असतं. मोबाईल आणि विजेचे गरम हातमोजे त्याच्यापासून दूर ठेवायला सांगतात, कारण त्यांचा त्याच्या लहरींत अडथळा येतो. फोनचा तिथे तसाही उपयोग नाही. गाव मागे पडलं की रेंज जाते, संपर्क राहतो तो वाटाड्याच्या सॅटेलाइट फोनवर.

“रात्री डोक्यावर हिरवे पडदे”

ध्रुवीय प्रकाशासाठी अंधार हवा आणि लांब सफरींसाठी उजेड. दोन्ही एकदम मिळत नाहीत. लाँगयरब्येनला ऑक्टोबर अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि डोंगरांमुळे गावात ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवसाचा गावात उत्सव असतो. २० एप्रिलपासून सूर्य मावळणंच थांबवतो. म्हणजे सफरींचा भर असतो तेव्हा रात्र झपाट्याने संपत आलेली असते. केवळ ध्रुवीय प्रकाश बघायचा असेल तर ऑक्टोबर ते मार्चमध्ये नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रोम्सोला जा, स्वस्तही पडेल.

“अस्वल दिसणारच, आणि बंदुकीशिवाय बाहेर पडणं गुन्हा आहे”

वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पिटाळून लावण्याचं योग्य साधन जवळ असणं कायद्याने सक्तीचं आहे. बंदूक सक्तीची नाही, पण ती बाळगा असा सल्ला गव्हर्नरचं कार्यालय देतं. वाटाड्याकडे दोन्ही असतं: आधी आवाज आणि प्रकाश करणारं पिस्तूल, अगदी शेवटी रायफल. ध्रुवीय अस्वल इथे १९७३ पासून संरक्षित आहे. एखादं मारलं गेलं तर त्याची चौकशी होते, मग कारण स्वसंरक्षण का असेना.

आणि दिसण्याचं म्हणाल, तर अस्वलाला शोधत जाणं, त्याचा पाठलाग करणं किंवा त्याला आमिष दाखवणं बेकायदा आहे. जानेवारी २०२५ पासून अंतराचाही नियम आला: १ मार्च ते ३० जून या काळात किमान ५०० मीटर, एरवी ३००. म्हणजे स्कूटरच्या ऐन मोसमात अस्वल दिसलंच तर अर्धा किलोमीटर दूर, पिवळसर ठिपक्यासारखं. बहुतेकांना दिसतात ते आखूड पायांचे गुबगुबीत रेनडियर, पांढरे टार्मिगन पक्षी, नशीब असेल तर ध्रुवीय कोल्हा. अस्वलाची हमी देणारा आयोजक भेटला तर त्याच्यापासूनही ५०० मीटर अंतर राखावं.

“तिथे मरायलाही बंदी आहे”

नाही. असा कायदा नाही. कायम गोठलेल्या जमिनीमुळे शवपेट्या पुरणं लाँगयरब्येनने १९५०च्या सुमारास थांबवलं, एवढंच. परवानगीने अस्थिकलश पुरता येतो.

“पैसे भरलेत, म्हणजे कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार”

वेळापत्रकात लिहिलेलं असतं: पहिला दिवस अमुक लॉज, दुसरा दिवस पूर्व किनारा, तिसरा दिवस सोडून दिलेलं खाणगाव. पिरामिडेनची सोव्हिएत खाण १९९८ मध्ये बंद पडली आणि तिच्या रिकाम्या इमारती हे मोठं आकर्षण आहे. केप लिने इथलं इस्फ्योर्ड रेडिओ हे १९३३चं रेडिओ केंद्र आता मुक्कामाची जागा झालंय. पण पाऊस, वारा, हिमस्खलनाचा इशारा, फ्योर्डवरच्या बर्फाची जाडी यांपैकी काहीही बदललं की मार्ग बदलतो. राजकारणही बदल घडवतं. बारेन्ट्सबर्ग हे रशियन खाणगाव एकेकाळी जवळजवळ प्रत्येक सफरीत असायचं; २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर अनेक आयोजकांनी तिथे जाणं बंद केलं.

वादळात दीड दिवस लॉजमध्ये बसून पत्ते खेळावे लागले तर फसवणूक झाली असं समजू नका. परत फिरण्याचा निर्णय वाटाड्याचा, आणि तो मतदानाने होत नसतो. तंबूतला मुक्काम असेल तर वाटाडा एकटाच सगळी रात्र जागत नाही. तंबूभोवती तार ताणतात, जिला धक्का लागला की फटाका फुटतो, आणि शिवाय पाहुण्यांनीही पाळीपाळीने अस्वलाचा पहारा द्यायचा असतो. पहाटे तीनला झोपेतून उठून, चहाचा मग हातात धरून, पांढऱ्या पठाराकडे डोळे लावून बसायचं काम तुमचंही आहे. जेवण म्हणजे बहुधा वाळवलेल्या अन्नाचं पाकीट आणि त्यात उकळतं पाणी. शाकाहारी पाकिटं मिळतात, पण नोंदणी करतानाच स्पष्ट सांगावं. झाडं नाहीत, आडोसा नाही. त्यामुळे नैसर्गिक विधींबाबत लाजाळू माणसाला पहिला दिवस जड जातो. मशीनच्या आड जायचं आणि बाकीच्यांनी पाठ फिरवायची, हा तिथला सभ्य रिवाज.

“स्वालबार्डला व्हिसा लागत नाही”

हे अक्षरशः खरं आहे आणि त्यामुळेच फसवं. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारानुसार सार्वभौमत्व नॉर्वेचं, पण करारात सामील देशांच्या नागरिकांना तिथे राहण्याचे आणि व्यवसायाचे समान हक्क. मूळ स्वाक्षरी करणाऱ्यांत ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही होता. स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंड इथे २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

मात्र विमान जातं ते ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून, आणि नॉर्वे शेंगेनमध्ये आहे तर स्वालबार्ड बाहेर. लाँगयरब्येनला उतरलात म्हणजे तुम्ही शेंगेन सोडलंत, परतताना पुन्हा प्रवेश करावा लागणार. त्यामुळे व्हिसाचा अर्ज करताना किमान दोन प्रवेशांचा मागावा आणि अर्जात स्वालबार्डचा उल्लेख करावा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर जायला अडचण येणार नाही, यायला येईल.