क्रिस्तपुराणांतील मूर्तित्याग आणि अंतःशांति : हस्तलिखित प्रतींच्या आधारें एक विचार

फादर टॉमस स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें, त्याचा भर बहुधा त्या ग्रंथाच्या भाषेवर राहिला आहे. एका इंग्रज जेझुइट पाद्र्यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं ओवीछंदांत मराठी पुराण रचावें आणि मराठी भाषेची थोरवी गावी, ही गोष्ट आहेच तशी नवलाची. परंतु हा ग्रंथ कशासाठीं रचला गेला, आणि ज्यांच्यासाठीं रचला गेला त्यांनीं तो पिढ्यान्‌पिढ्या कां जपला, हा प्रश्न त्यामुळें मागें पडला. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ज्याची मूर्ति गेली त्याच्या मनाला विसांवा कोठें मिळावयाचा, या प्रश्नाचें उत्तर म्हणून हें पुराण निर्माण झालें. आणि त्याच्या प्रतींचा इतिहास हा त्या विसांव्याचाच इतिहास होय, असें आमचें मत आहे.

प्रथम कालक्रम ध्यानांत घेतला पाहिजे. पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें १५१० सालीं. तिसवाडींतील देवळें १५४० च्या सुमारास पाडलीं गेलीं. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें आणि १५६७ सालीं सासष्टी महालांतील देवळांचा विध्वंस झाला. ज्यांना आपले देव हलवितां आले त्यांनीं ते पोर्तुगीज हद्दीबाहेर नेले; कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ज्यांच्यानें घरदार व वतन सोडवलें नाहीं, त्यांपैकीं पुष्कळांनीं बाप्तिस्मा घेतला. स्टीफन्स गोव्यास उतरला तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, म्हणजे सासष्टींतील देवळें पडून बारा वर्षें लोटल्यावर. मूर्ति फोडण्याचें काम राजसत्तेनें त्याच्या येण्यापूर्वींच उरकलें होतें. त्याच्यासमोर बसणारा श्रोता हा देऊळ गेलेल्या गांवचा, आणि पुढें पुढें तर तें देऊळ केवळ आजाच्या तोंडून ऐकलेल्या पिढीचा होता.

या श्रोत्याची मनःस्थिति ग्रंथकारानें स्वतःच नोंदवून ठेविली आहे. पहिल्या पुराणाच्या आरंभींच एक प्रसंग येतो. सासष्टींतील नवख्रिस्ती मंडळींपैकीं एक जण पाद्री गुरूस विनवितो, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरीं कां देत नाहीं? प्रत्यक्षांत असें कोणी विचारलें असो वा ही केवळ काव्ययोजना असो, तिचें मोल कमी होत नाहीं. निषेधानें मन रितें होतें, भरत नाहीं. रित्या मनाला शांति नसते. आणि तें भरावयाचें तर त्याच्या ओळखीच्या पात्रानेंच भरलें पाहिजे, ही कबुली धर्मोपदेशकाच्या स्वतःच्या ग्रंथांत, पहिल्याच अवस्वरूंत आली आहे.

आतां ख्रिस्ती शास्त्राचा या बाबतींत काय अभिप्राय आहे तें पाहूं. मूर्तिपूजेचा निषेध मोशेच्या दहा आज्ञांत आहे, हें सर्वश्रुत आहे. नव्या करारांत मात्र त्या निषेधाला निराळें वळण मिळालें. पौलानें थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, तुम्ही मूर्तींपासून वळून जिवंत देवाकडे आलां, असें म्हटलें आहे. तेथें भर सोडण्याइतकाच वळण्यावरहि आहे. कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत तर लोभालाच मूर्तिपूजा म्हटलें आहे, आणि त्याच अध्यायांत थोड्याच ओळींनंतर ख्रिस्ताची शांति अंतःकरणावर राज्य करो, असा उपदेश येतो. हे दोन विचार एका अध्यायांत शेजारीं असावेत हा योगायोग नव्हे. मनाच्या सिंहासनावर धन, मान किंवा वासना बसली कीं ती मूर्ति झाली. ती उतरली म्हणजे तेथें शांतीचें राज्य. पांचव्या शतकाच्या उंबरठ्यावर संत ऑगस्तीन यानें आपल्या आत्मकथनाच्या आरंभीं हीच गोष्ट सांगितली, कीं मनुष्याचें हृदय देवाच्या ठायीं स्थिरावेपर्यंत अस्वस्थच राहतें. या मतानें पाहिल्यास दगडाची मूर्ति फोडणारा शिपाईहि मूर्तिपूजक असूं शकतो, आणि हा अर्थ सासष्टीच्या इतिहासावर लावून पाहण्याजोगा आहे.

मूर्तीवांचून शांति ही कल्पना मराठी मुलखाला तरी कोठें नवी होती? धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर, लोहारा, उमरगा या भागापासून फारसें दूर नसलेल्या कल्याणांत बाराव्या शतकांत बसवेश्वरानें देवळांतील स्थावर लिंगाऐवजीं देहावर धारण केलेलें इष्टलिंग पुढें केलें आणि देहालाच देऊळ मानिलें. महानुभावांनीं इतर देवतांची उपासना वर्ज्य केली. नामदेवादि संतांनीं विठ्ठलाच्या मूर्तीवर जीव टाकला, तरी भावावांचूनच्या दगडपूजेवर कोरडे ओढण्यास ते चुकले नाहींत. फरक इतकाच, कीं या मंडळींचा निषेध घरांतला होता, आणि सासष्टींत तो फौजेबरोबर आला. म्हणून सासष्टींतील उपदेशकाला शांतीची भाषा घरांतूनच उसनी घ्यावी लागली.

ती उसनवारी क्रिस्तपुराणांत पदोपदीं दिसते. ग्रंथाचे दोन भाग; पहिल्यांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वरु; ओव्या एकंदर १०,९६२. आरंभीं नमन, मग श्रोत्यांस अवधान देण्याची विनंती, मग कथा, हा सारा थाट आपल्या पुराणिकांचाच आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास कवि कचरत नाहीं. मराठींतील कठीण शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलींतले सुगम शब्द घेतल्याचें त्यानें प्रस्तावनेंतच सांगितलें आहे. म्हणजे ग्रंथ पंडितांनीं वाखाणावा यापेक्षां साध्या श्रोत्याच्या अंतरांत उतरावा, ही त्याची दृष्टि होती. १५८३ सालीं भावाला लिहिलेल्या पत्रांत स्टीफन्सनें इकडील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळती असल्याचें म्हटलें होतें. त्या आदरानेंच पुढें पुराणाचें रूप घेतलें.

याच्या उलट उदाहरण म्हणून एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचें, पीटरपुराण या नांवानें ओळखलें जाणारें, १६२९ सालचें पुराण पाहावें. तेंहि मराठी ओवीबद्ध आहे. परंतु सेंट पीटरच्या चरित्राच्या निमित्तानें हिंदु देवतांचें व पुराणकथांचें खंडन करणें हा त्याचा उघड हेतु आहे. दोन्ही ग्रंथ एकाच पंथाचे, एकाच प्रदेशांतले आणि तेरा वर्षांच्या अंतरानें छापलेले. त्यांपैकीं लोकांनीं हातानें उतरून घरोघर जपला तो स्टीफन्सचा. वादांत जिंकण्यासाठीं लिहिलेला ग्रंथ वाद संपतांच बाजूला पडतो. मनाला धीर देणारा ग्रंथ घरांत राहतो.

खंडनासाठीं जेझुइटांनीं जो अभ्यास केला त्याचें फळ मात्र विलक्षण निघालें. हिंदूंचे ग्रंथ मिळवून त्यांनीं ते रोमन लिपींत उतरून घेतले. अशीं बाडें पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत. त्यांत केळशीच्या कृष्णदास शामा यानें १५२६ सालीं रचावयास घेतलेलें कृष्णचरित्र आहे. ज्या केळशीहून शांतादुर्गेला निघावें लागलें, त्याच गांवच्या कवीची कृति तिच्या विरोधकांच्या दप्तरांत सुरक्षित राहिली.

आतां क्रिस्तपुराणाच्या प्रतींकडे वळूं. ग्रंथ प्रथम १६१६ सालीं रायतूर (राचोल) येथें छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापला गेला. तिन्ही आवृत्त्या रोमन लिपींत होत्या, कारण देवनागरीचे खिळे गोव्यांत नव्हते. १६०८ सालच्या एका पत्रांत स्टीफन्सनें देशी लिपींत छापण्याची इच्छा व्यक्त केली होती, आणि त्यासाठीं सुमारें ६०० साचे लागतात ही अडचणहि सांगितली होती. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. अशा काळांत देशी पुस्तकांना राजाश्रय कोठून असणार? ग्रंथ तगला तो गोव्यांतून दक्षिण कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. १७८४ सालीं टिपूनें या समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें आणि ती कैद १७९९ पर्यंत चालली. त्या हालांत या पुराणानेंच आपल्या पूर्वजांना धीर दिला, अशी परंपरा मंगळुरी ख्रिस्ती समाजांत सांगितली जाते. तिकडील हस्तलिखितांवरूनच जे. एल. साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां प्रसिद्ध केला.

दुसरी परंपरा देवनागरीची. विल्यम मार्सडेन या इंग्रज विद्वानानें आपला ग्रंथसंग्रह १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला. तो पुढें तेथील प्राच्यविद्यासंस्थेकडे आला. त्यांतील ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ या नांवांच्या देवनागरी पोथ्या म्हणजे क्रिस्तपुराणाचेच दोन भाग आहेत, हें डॉ. जस्टिन ॲबट यांनीं १९२३ च्या सुमारास दाखवून दिलें. हेच ॲबट एकनाथ, बहिणाबाई व तुकाराम यांच्या चरित्रांचे व वाणीचे इंग्रजी भाषांतरकार. संतांची भाषा कानांत असलेल्यालाच ही ओळख पटावी, हें साहजिक होतें. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द आहेत तेथें या पोथ्यांत पुष्कळदां संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. ॲबट यांच्या मतें देवनागरी पाठ मूळचा. इतर कांहीं अभ्यासक त्याला मागाहून केलेला संस्कार मानतात. कोणताहि पक्ष घेतला तरी एक गोष्ट उरतेच : हा ग्रंथ आपल्या लिपींत व आपल्या शब्दांत वाचावा, असें कोणाला तरी वाटलें आणि त्यानें दोन जाड पोथ्या लिहून काढल्या. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यांत संपूर्ण पुराण देवनागरींत छापलें, आणि फादर कारिदाद द्रागो यांनीं १९९६ सालीं मार्सडेन पोथ्यांवरून आवृत्ति काढली.

यावरून पोथ्या जमविणाऱ्यांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. रोमन लिपींतील बाड दिसतांच तें पोर्तुगीज समजून बाजूला सारूं नये. ‘श’ साठीं ‘एक्स’ हें अक्षर, ओवीचे चार चरण आणि ‘अवस्वरु’ हा शब्द दिसल्यास तें मराठी पुराण असण्याचा बळकट संभव आहे. उलट, देवनागरी पोथीवर ‘आदिपुराण’ असें नांव आहे एवढ्यावरून तिचा पंथ ठरवूं नये. आंतील नमन व पहिल्या पन्नास ओव्या तरी वाचाव्या. मालकाच्या खुणा, वाचनाच्या तिथि, समासांतील दुरुस्त्या व मेणबत्तीचे डाग यांचीहि टिपणी करावी, कारण ग्रंथ कपाटांत होता कीं वाचनांत होता, हें त्यांवरूनच कळतें.

मूर्तित्यागाचा इतिहास हुकूमनाम्यांत सांपडतो. त्याला तारखा असतात, सह्या असतात. अंतःशांतीचा इतिहास तसा लिहिलेला नसतो. तो सांपडलाच तर झिजलेल्या कोपऱ्यांच्या आणि पुन्हांपुन्हां उतरलेल्या पोथ्यांत सांपडतो. स्टीफन्स १६१९ सालीं वारला. त्याच्या राजाचे हुकूम आज दप्तरांत आहेत; त्याच्या ओव्या मात्र ज्यांच्या आजापणजांचे देव नेले गेले त्यांच्याच हातांनीं आपल्यापर्यंत पोंचल्या. अशी एखादी पोथी कोणाच्या संग्रहीं असल्यास, तिचा धर्म विचारण्याआधीं तिनें कोणाला धीर दिला हें विचारावें, इतकेंच सुचवून हा लेख पुरा करितों.