लॅपटॉपच्या पडद्यावरील दोषांचे निदान

लॅपटॉपचा पडदा काळा पडला, त्यावर रेषा उमटल्या किंवा चित्र थरथरू लागले म्हणजे पडदाच निकामी झाला, असे अनुमान बहुधा तत्काळ केले जाते. दोष जेथे दिसतो तेथेच तो असला पाहिजे, हे या अनुमानामागील गृहीतक होय. हे गृहीतक अनेकदा चुकीचे ठरते. पडदा हे चित्राचे शेवटचे स्थानक आहे. तेथे पोहोचण्यापूर्वी चित्राला अनेक टप्पे ओलांडावे लागतात आणि त्यांपैकी कोणत्याही टप्प्यावरील बिघाड अखेरीस पडद्यावरच प्रकट होतो. यास्तव दोषाचे दर्शन आणि दोषाचे अधिष्ठान यांत भेद करणे ही दुरुस्तीची पहिली पायरी ठरते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके असून येथील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. एखाद्या खेड्यातून पदव्युत्तर अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप प्रबंध सादर करावयाच्या ऐन आठवड्यात काळा पडला, तर त्याला यंत्र घेऊन तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे गाव गाठावे लागते. योग्य मापाचा पडदा तेथे नसेल तर तो येईपर्यंत थांबावे लागते. नवा पडदा बसविल्यानंतर दोष केबलचा होता असे आढळले, तर पैसा आणि वेळ दोन्ही व्यर्थ जातात. ही हानी टाळणाऱ्या बहुतेक कसोट्यांना मात्र एक पैसाही लागत नाही.

१. चित्राचा मार्ग

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर याने १८८८ मध्ये द्रवस्फटिक अवस्था प्रथम नोंदविली. द्रवाप्रमाणे वाहणारा, परंतु स्फटिकाप्रमाणे रेणूंची दिशा राखणारा असा हा पदार्थ होय. १९७० मध्ये मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी दोन काचांमधील अशा रेणूंना पीळ देऊन विद्युत्‌दाबाने तो पीळ उलगडण्याची युक्ती सिद्ध केली, आणि आजच्या सपाट पडद्याचा पाया घातला गेला. या शास्त्रात भारताचाही वाटा आहे. बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तबकडीच्या आकाराच्या रेणूंची द्रवस्फटिक अवस्था शोधून काढली. पुढे अशा रेणूंची पातळ पटले, पडदा बाजूनेही स्पष्ट दिसावा म्हणून, वापरात आली.

द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या मागे प्रकाश देणारा थर असतो. दुकानात त्याला बॅकलाइट म्हणतात. हा प्रकाश एका ध्रुवण-पटलातून येतो, द्रवस्फटिकातून जातो आणि दुसऱ्या ध्रुवण-पटलापाशी अडतो किंवा पार होतो. म्हणजे पडद्यावर दोन स्वतंत्र कार्ये चालू असतात : प्रकाश पुरविणे आणि त्या प्रकाशाला कमीअधिक वाट देणे. या दोहोंची गल्लत केल्यास निदान तेथेच फसते.

सर्वसामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. प्रत्येक भागास ८ बिट याप्रमाणे, सेकंदास ६० वेळा चित्र बदलावयाचे म्हटल्यास, दर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट पडद्याकडे जावे लागतात. ही माहिती मदरबोर्डवरील ग्राफिक्स विभागात तयार होते, बिजागरीतून जाणाऱ्या बारीक तारांच्या केबलने पडद्याकडे जाते आणि पडद्याच्या कडेला असलेल्या नियंत्रक पट्टीमार्फत उभ्या व आडव्या ओळींत वाटली जाते. बॅकलाइटचा वीजपुरवठाही बहुधा याच केबलमधून होतो. अशा रीतीने आज्ञावली, ग्राफिक्स विभाग, केबल, नियंत्रक पट्टी, काच आणि बॅकलाइट अशी साखळी तयार होते. निदान म्हणजे या साखळीतील तुटलेली कडी ओळखणे.

२. अन्वय आणि व्यतिरेक

कारण ओळखण्याची जी पद्धत न्यायशास्त्राने सांगितली, तीच येथे उपयोगी पडते. कारण असेल तेथे कार्य असते, हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य नसते, हा व्यतिरेक. साखळीतील एक कडी वगळून किंवा बदलून पाहावी. दोष टिकून राहिला तर ती कडी निर्दोष, आणि नाहीसा झाला तर संशय तिच्यावर. कसोट्यांचा क्रम असा असावा की प्रत्येकीने साखळीचा मोठा भाग संशयातून मुक्त व्हावा आणि यंत्र उघडण्याची वेळ शेवटी यावी.

पहिली कसोटी बाहेरील पडद्याची. लॅपटॉप एचडीएमआय केबलने मॉनिटरला किंवा घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडावा. तेथे चित्र स्वच्छ असेल, तर आज्ञावली व ग्राफिक्स विभाग बहुधा ठीक असून दोष केबलमध्ये किंवा त्यापुढे आहे. दोष दोन्हीकडे सारखाच दिसत असेल, तर तो केबलच्या अलीकडे आहे. या कसोटीचा आणखी एक मोठा लाभ आहे. पडदा काळा झाला म्हणजे लेखन नष्ट झाले असे नव्हे. ते साठवण-चकतीवर सुरक्षित असते. बाहेरच्या पडद्यावर चित्र येताच प्रबंधाची प्रत दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि मगच पुढील तपासणीस लागावे.

दुसरी कसोटी पडद्याच्या छायाप्रतीची, म्हणजे स्क्रीनशॉटची. ही छायाप्रत ग्राफिक्सच्या स्मृतीतून घेतली जाते, काचेवरून नव्हे. ती भ्रमणध्वनीवर किंवा दुसऱ्या यंत्रावर पाहावी. रेषा किंवा डाग छायाप्रतीतही असेल, तर दोष चित्र तयार होतानाच उद्भवला आहे. नसेल, तर चित्र तयार झाल्यानंतर.

तिसरी कसोटी विंडोज सुरू होण्यापूर्वीची. यंत्र चालू करताना बायोसच्या मांडणीचे पान उघडावे. तेथेही दोष दिसला, तर विंडोज व तिचा ग्राफिक्स ड्रायव्हर संशयातून सुटतात. तेथे चित्र स्थिर असून विंडोज आल्यावरच थरथरत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून पाहावा. तोही इतर खिडक्यांबरोबर थरथरला तर ड्रायव्हर, आणि तो एकटा स्थिर राहिला तर एखादे अनुप्रयोग-सॉफ्टवेअर दोषी मानावे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्यानेच काही वेळा काळा पडदा उजळतो.

चौथी कसोटी विजेरीची. अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्यावर तिरपा प्रकाश टाकावा. अंधुक अक्षरे दिसली, तर चित्र पोहोचले आहे, प्रकाश मात्र नाही. म्हणजे दोष बॅकलाइटचा किंवा त्याच्या वीजपुरवठ्याचा.

पाचवी कसोटी बिजागरीची. पडदा सावकाश उघडावा आणि मिटावा. विशिष्ट कोनात चित्र जात-येत असेल किंवा रंग बदलत असतील, तर बिजागरीतून जाणारी केबल सैल किंवा जखमी झाली आहे असे मानावयास जागा आहे.

३. उपाधींचा विचार

अग्नी तेथे धूर, हे विधान इंधन ओले असेल तरच खरे ठरते. ओले इंधन ही त्यातील उपाधी. वरील कसोट्यांतही अशा उपाधी लपलेल्या आहेत आणि त्या न ओळखल्यास अनुमान चुकते.

काही लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स विभाग असतात आणि बाहेरील जोडणी त्यांपैकी दुसऱ्याकडून मिळते. अशा यंत्रात बाहेरचे चित्र स्वच्छ असले तरी आतील पडद्याला चित्र पुरविणारा विभाग निर्दोष ठरत नाही. विजेरीची कसोटीही एकांगी आहे. अंधुक चित्र दिसले तर निष्कर्ष खात्रीचा. परंतु काहीच दिसले नाही म्हणून बॅकलाइट ठीक, असे म्हणता येत नाही, कारण काही पडद्यांवर प्रकाशावाचून चित्र जाणवतच नाही. ओएलईडी प्रकारच्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो. तेथे बॅकलाइट नसल्याने ही कसोटी लागू पडत नाही. संदेश न पोहोचलेला पडदा पिळाच्या जुन्या रचनेत बहुधा पांढरा दिसतो, तर आयपीएस रचनेत काळा. म्हणून रंगावरून एकदम निर्णय देऊ नये.

दोष नसताना दोषाचा भास होण्याचीही उदाहरणे आहेत. चर्चासत्रात प्रोजेक्टर जोडताना चित्र केवळ दुसऱ्या पडद्यावर पाठविण्याची निवड केलेली असते. विंडोज व पी या कळांनी ती बदलता येते. लॅपटॉप मिटल्याचे कळावे म्हणून अनेक यंत्रांत चुंबकीय संवेदक असतो. भ्रमणध्वनीच्या आवरणातील लहानसे लोहचुंबक कळफलकाच्या कडेला ठेवले गेले, तर पडदा मिटला अशी यंत्राची समजूत होऊन प्रकाश मालवतो. नवा पडदा मागविण्यापूर्वी या दोन शक्यता तरी नाकारून घ्याव्यात.

४. लक्षणे, कारणे आणि उपाय

एका बिंदूच्या जाडीची, वरपासून खालपर्यंत अखंड आणि कोणत्याही चित्रावर जागच्या जागी राहणारी उभी रेषा, ही बहुधा काचेच्या कडेला चिकटविलेल्या जोडणीतील दोषाची खूण असते. ही जोडणी उष्णता व दाब देऊन कारखान्यात केलेली असते. साध्या दुकानात ती टिकाऊपणे पुन्हा करता येत नाही. येथे पडदा बदलणेच योग्य. शाई सांडल्यासारखे काळे डाग आणि त्यांतून निघणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा म्हणजे आतील काच तडकल्याचे चिन्ह. येथेही दुसरा मार्ग नाही.

याउलट सर्व पडद्यावर पसरलेली एकाच रंगाची छटा, मधूनच चमकणारे ठिपके किंवा पडदा हलविताच पालटणारे चित्र ही केबलची लक्षणे होत. केबल काढून पुन्हा घट्ट बसविणे किंवा बदलणे पडद्यापेक्षा सामान्यतः बरेच स्वस्त पडते. आतील व बाहेरील दोन्ही पडदे काळे असून पंखा मात्र फिरत असेल, तर चार्जर व शक्य असल्यास बॅटरी काढून चालू करण्याची कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. तरीही चित्र न आल्यास रॅमची पट्टी काढून, तिचे संपर्क स्वच्छ करून ती परत बसवावी.

यंत्र उघडणाऱ्याने एक नियम कटाक्षाने पाळावा. चार्जर काढणे पुरेसे नाही. आतील बॅटरीची जोडणीही सोडवावी. पडद्याची केबल वीज चालू असताना काढली किंवा तिरपी बसविली, तर बॅकलाइटच्या मार्गावरील सूक्ष्म फ्यूज जळू शकतो आणि एका दोषाचे दोन होतात. जुन्या लॅपटॉपांत बॅकलाइटसाठी पारायुक्त दिवा असे व त्याला शेकडो व्होल्टचा दाब लागे. तेथे अधिकच सावध राहावे. नवा पडदा मागविताना केवळ इंचांचे माप सांगून चालत नाही. जुन्या पडद्याच्या पाठीवरील क्रमांक, जोडणीतील ३० किंवा ४० पिना, चित्रबिंदूंची संख्या आणि बसविण्याचे कान जुळले पाहिजेत.

५. स्थानिक परिस्थिती

वाशिमच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तर अनेक उत्पादक लॅपटॉपच्या वापरासाठी ३५ अंश ही मर्यादा सांगतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ठेवलेला लॅपटॉप तर याहूनही पुष्कळ तापतो. द्रवस्फटिक फार तापला म्हणजे त्याची रेणुरचना विस्कटते व पडद्यावर काळसर पट्टे दिसतात. थंड झाल्यावर ते बहुधा जातात. अशा वेळी यंत्र सावलीत ठेवून थांबणे हाच उपचार. एसटीच्या गर्दीत पाठीवरच्या पिशवीवर येणारा दाब आणि कळफलकावर राहिलेले पेन ही काच तडकण्याची साधी कारणे आहेत. पडदा एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय बिजागरीवर व केबलवर असमान ताण आणते. तो मध्यभागी धरून उघडावा.

काढून टाकलेल्या पडद्याचाही प्रश्न उरतो. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम अमलात आले आहेत. त्यांनुसार असा भाग भंगारात किंवा उकिरड्यावर न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणाकडे जावयास हवा. परंतु निर्दोष पडदा बदललाच गेला नाही, तर हा प्रश्न उद्भवतही नाही.

सारांश, दुरुस्तीस जाणाऱ्याने ‘पडदा बदलून द्या’ असे न सांगता आपण केलेल्या कसोट्या व त्यांचे निष्कर्ष कागदावर लिहून न्यावेत : बाहेरच्या पडद्यावर चित्र आले की नाही, बायोसमध्ये दोष दिसला की नाही, बिजागरी हलविल्यावर काय झाले. एवढ्या टिपणामुळे कारागिराचे काम सोपे होते, नको तो भाग बदलला जाण्याची शक्यता घटते, आणि प्रबंधाची प्रत आधीच सुरक्षित असल्याने विद्यार्थ्याला दुरुस्तीची वाट निर्धास्तपणे पाहता येते.