एक तोळ्याची गोळी

कोलोरॅडोतला शिकारी एल्कसाठी '१८० ग्रेन'च्या गोळीची काडतुसं मागतो, तेव्हा तो नकळत आपल्या सराफकट्ट्यावरचं माप बोलत असतो. कंपनी सरकारने १८३३ साली तोळा ठरवला तो नेमका १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. जुना चांदीचा रुपयाही तेवढाच भरायचा. (आजचा सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतो, तो भाग वेगळा.)

समोर उभा राहणार तो एल्क सांबराच्या गोतावळ्यातला, पण अंगापिंडाने दांडगा. पूर्ण वाढलेला नर ३२० किलोच्या घरात. म्हणजे गोळीच्या सत्तावीस हजार पट!

काडतूस घेऊ थर्टी-ऑट-सिक्स. १९०६ सालचं, मूळचं अमेरिकी लष्कराचं, आणि अजून शिकाऱ्यांचं लाडकं. चाप ओढला की आत हवेच्या दाबाच्या चार हजार पटींपर्यंत दाब चढतो आणि तोळाभर धातू सेकंदाला ८२० मीटरच्या वेगाने नळीबाहेर पडतो. नळीतल्या पिळामुळे गोळी दर दहा इंचांना एक गिरकी घेते. हिशेब केला तर मिनिटाला जवळजवळ दोन लाख फेरे! घरातला मिक्सर पूर्ण जोरात असताना वीस हजारांच्या आसपास फिरतो.

एवढं असून ऊर्जा किती? साधारण ३,९५० ज्यूल. पन्नास किलोचं पोतं आठ मीटरवरून आदळावं तितकी. पण आहाराच्या भाषेत ही एक कॅलरीसुद्धा नाही. एका शेंगदाण्यात याहून जास्त असते. म्हणून नुसत्या ताकदीवर भाळण्यात अर्थ नाही. गोळी आत शिरून फुलली पाहिजे. कोलोरॅडोचा कायदाही फुलणारीच गोळी मागतो, आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची. आपली त्याच्या दुप्पट. काडतुसाचा प्रश्न इथेच मिटला.

खरं डोकं लावायचं ते बंदुकीवरच्या दुर्बिणीला. तिच्यावरची चकती फिरवली की 'टिक' होतं. एक टिक म्हणजे पाव मिनिट कोन. वर्तुळात अंश ३६०, अंशाला मिनिटं ६०, मिनिटाला टिक ४. गुणाकार येतो ८६,४००. दिवसाचे सेकंदही तितकेच! म्हणजे एका टिकेने नळी वळते ती पृथ्वी एका सेकंदात स्वतःभोवती वळते तेवढी. शंभर मीटरवर हा फरक जेमतेम सात मिलिमीटरचा.

आता १८० मीटरला नेम बसवलेली बंदूक ३६५ मीटरवर रोखा. गोळी सुमारे दोन फूट खाली जाते. एल्कचं काळीज आणि फुप्फुसं मिळून लहान परातीएवढी जागा, म्हणजे नेम पार चुकला. तेवीस टिक चढवल्या की हे भरून निघतं. पण ताशी सोळा किलोमीटरचं आडवं वारं असेल, तर तेवढ्याच अंतरात गोळी फूटभर बाजूला सरकते. आणि वारा मोजणारी टिक दुर्बिणीत नसते.

बारा, वीस, पंचवीस पटींच्या महागड्या दुर्बिणी दुकानात मिळतात. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यांचा उपयोग कमीच. चाळीस मिलिमीटरचं भिंग चार पटींवर डोळ्याला दहा मिलिमीटरचा प्रकाशझोत देतं, वीस पटींवर दोनच. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. तेव्हा तीन ते नऊ पटींची साधी दुर्बीण घ्या, आणि उरलेलं अंतर पायी चालून कमी करा.