मेक्सिकोच्या भिंतीवरील खानखोजे

परदेशी विद्यार्जनास गेलेला विद्यार्थी तेथील ऐतिहासिक स्थळे बहुधा प्रवासी पुस्तिकेच्या हुकमाबरहुकूम पाहतो. परंतु हिंगणघाटसारख्या कापसाच्या पेठेतून जो तरुण शेतकीच्या अभ्यासासाठी मेक्सिकोस जाईल, त्याने आपली यादी आपणच करावी, आणि तीत डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या खुणांना अग्रस्थान द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. खानखोजे आपल्याच वर्धा जिल्ह्याचे. गदर चळवळीच्या उभारणीत वावरलेले, पुलमन येथील वॉशिंग्टन राज्य महाविद्यालयात शेतकी शिकलेले, पहिल्या महायुद्धात इराणच्या मुलखात इंग्रजांविरुद्ध झुंजलेले हे गृहस्थ, मायदेशाची वाट परकीय सत्तेने अडवून धरली असता, १९२४ साली मेक्सिकोत येऊन पोचले.

राजधानीत झोकालो नावाचा विशाल चौक आहे. १५२१ साली स्पॅनिशांनी उद्ध्वस्त केलेली अझ्टेकांची तेनोच्तित्लान नगरी याच भूमीखाली निद्रिस्त आहे. १९७८ साली वीजखात्याचे मजूर खोदकाम करीत असता कोयोल्शाउकी देवतेची प्रचंड शिला लागली, आणि तेव्हापासून अझ्टेकांच्या महामंदिराचे अवशेष पद्धतशीर उकरले गेले. हे सारे पाहावेच. पण चौकाच्या उत्तरेस थोडे चालून गेल्यावर जुन्या मठाच्या जागी थाटलेले शिक्षणखात्याचे दप्तर लागते, तेथे मात्र घाई करू नये. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने १९२३ ते १९२८ या काळात त्या इमारतीच्या भिंती रंगविल्या. त्यांतील ‘आमची भाकरी’ या अर्थाच्या चित्रात निरनिराळ्या वंशांची माणसे एका मेजाभोवती जमली आहेत, आणि भाकरी मोडणाऱ्या पुरुषाच्या ठिकाणी रिव्हेराने आपला स्नेही खानखोजे योजिला आहे. सरकारी दप्तराच्या भिंतीवर सेनापती व राष्ट्राध्यक्ष यांची वर्णी लागावी, हा जगाचा शिरस्ता; तेथे परदेशातून आलेल्या, धान्याची चिंता वाहणाऱ्या शिक्षकाला जागा मिळाली, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

राजधानीच्या पूर्वेस, तेस्कोको गावालगत, चापिंगो आहे. हा पूर्वी राष्ट्राध्यक्ष मान्युएल गोन्सालेस यांच्या मालकीचा जमीनजुमला. आपल्याकडील मालगुजाराचा वाडा आणि त्याभोवतीची कूळवहिवाट ज्यांनी पाहिली असेल त्यांना त्याचे स्वरूप निराळे सांगावयास नको. मेक्सिकोच्या क्रांतीनंतर तेथे राष्ट्रीय शेतकी विद्यालय आले, आणि त्याच्या देवघराच्या भिंतींवर रिव्हेराने भूमीचीच पूजा मांडली : लाल कफनात गुंडाळलेले सापाता व मोन्तान्यो हे क्रांतीचे हुतात्मे मातीखाली पहुडले आहेत आणि त्यांच्यावर मक्याचे पीक डोलते आहे. येथे जमिनीचा उपयोग शिकविला जातो, माणसांचा नव्हे, अशा आशयाचे ब्रीद या संस्थेने मिरविले. खानखोजे येथेच अध्यापक होते. मका व त्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग त्यांनी केले, आणि शेतकऱ्यांकरिता मुक्त कृषिशाळा चालविल्या. तीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकर्तीने त्यांच्या कामाची छायाचित्रे घेतली.

स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर मुक्कामी वारले. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. वर्ध्याच्या शाळांतून हे नाव आजही फारसे ऐकू येत नाही, ही कैफियत कोणापुढे मांडावी?

हिंगणघाटच्या विद्यार्थ्याला चापिंगोत आणखी एक चौकशी करण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या ‘बणी’ या देशी कापसाचा इंग्रज व्यापाऱ्यांत मोठा लौकिक होता. आज आपल्या वणा नदीच्या खोऱ्यात जो कापूस प्रामुख्याने पिकतो, तो अमेरिकी जातीचा, आणि त्या जातीची पहिली लागवड मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या प्रदेशातील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी केली. तेव्हा तेथील कापसाचे रानटी वाण कोठे टिकून आहेत आणि आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनीस त्यांतून काय घेता येईल, हे त्याने आवर्जून विचारावे.