इन्सुलिनचे पेन आणि घरची शिस्त

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे एका मधुमेही मुलास इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. १९८५ साली इन्सुलिनचे पेन निघाले आणि सुई टोचणे घरच्या घरी सुलभ झाले. परंतु साधन सोपे झाले म्हणून शिस्त सैल करावी असे नव्हे, हे आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

आमच्या हुमनाबादेस वैशाखात पारा ४० अंशांच्या घरात जातो. न उघडलेले पेन शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात कदापि नको. वापरातले पेन उन्हापासून जपावे आणि साधारण चार आठवड्यांत संपवावे.

दर वेळी नवी सुई लावून प्रथम दोन युनिट बाहेर सोडून पाहावे. टोचण्याची जागा बदलत राहावे, अन्यथा गाठी होऊन औषध नीट शोषले जात नाही. कळ पूर्ण दाबल्यावर दहा अंक मोजूनच सुई काढावी. घाई केल्यास मात्रा अपुरी पडते.

पेन सख्ख्या भावासही देऊ नये. सुई बदलली तरी रक्तातून रोग पसरू शकतो. वापरलेली सुई केरात न टाकता जाड, झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्यावी. आपले औषध केर उचलणाऱ्याच्या हातची जखम होऊ नये, एवढेच आमचे मागणे.