नाटकवाल्यांचा टपालखर्च

‘ड्रॅक्युला’ लिहिणारे ब्रॅम स्टोकर पोटासाठी काय करीत होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते पत्रे लिहीत होते! लंडनच्या लायसियम थिएटरचे चालक आणि मुख्य नट सर हेन्री आयर्व्हिंग यांचे ते मॅनेजर. 1878 पासून 1905 साली आयर्व्हिंग वारले तोवर आपण त्यांच्यासाठी पाच लाखांच्या घरात पत्रे लिहिली, असा स्टोकरसाहेबांचाच अंदाज आहे. म्हणजे सणवार न पाळता रोज पन्नास! अमेरिकेच्या दौऱ्यांची बोलणी, पडदे-पोशाखांचा हिशेब, खेळानंतरच्या मेजवान्यांची आमंत्रणे, असा सगळा कारभार. त्यांतली हजारो कागदपत्रे तिकडच्या संग्रहालयांतून आज नीट लावून ठेवलेली आहेत.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे नाटककंपनीचा मालक काही कमी लिहीत नव्हता. विष्णुदास भाव्यांचेच पाहा ना. 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले तेव्हा पाठीशी चिंतामणराव पटवर्धन होते. पत्राची गरजच काय? 1851 साली श्रीमंत गेले, आणि माणसांचा सगळा मेळा घेऊन भाव्यांना गावोगाव हिंडणे आले. 1853 साली मुंबईस ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. राजाश्रय गेला म्हणजे अर्जविनंत्या, जाहिराती आणि ओळखीच्या चिठ्ठ्या सुरू होतात.

पुढे अण्णासाहेब किर्लोस्कर आले. त्यांचे ‘शाकुंतल’ 1880च्या 31 ऑक्टोबरला पुण्यात रंगभूमीवर आले. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने पाव आण्याचे पोस्टकार्ड काढले होते, आणि मनीऑर्डर तर त्याच 1880 सालची. मला हा योग मोठा गमतीचा वाटतो. संगीत नाटक सुरांवर उभे राहिले हे खरेच, पण फिरती कंपनी चालली ती या दोन कागदांवर. एका कार्डावर पुढच्या गावचा मांडव ठरे. दुसऱ्या कागदाने स्त्रीपार्टी मुलाच्या आईला घरी चार रुपये पोचत. ती मनीऑर्डर दोन महिने चुकली, की आईचे पत्र येई आणि मुलगा परत जाई. मग नायिका कोठून आणायची?

आमच्या निजामी मुलखात तर दुप्पट कटकट. निजामाची तिकिटे निराळी, 1869 पासूनची, आणि ती राज्याच्या हद्दीपुरती. नाणेही निराळे. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार. बार्शीहून एक मजल पुढे आले, की मालकाच्या हिशेबाची वही बदलली! नांदेडला निदान 1900च्या सुमारास मनमाड-हैदराबाद गाडी आली. लातूरला बार्शी लाइटची ती चिमुकली गाडी पोचायला 1911 साल उजाडले. तोवर पडद्यांचे पेटारे बैलगाडीतून.

लातूरला माझ्या आजोळी आडतीचे दुकान होते. गादीमागे आकड्याची लांब तार लोंबत असे, आणि आलेले प्रत्येक पत्र तिला टोचले जाई. मी शाळेत असताना एका लक्ष्मीपूजनाच्या आधी ती तार मामांनी रद्दीवाल्यापुढे ओतली. त्यातून एक कार्ड तेवढे मी उचलले, ते आज नांदेडला माझ्या कपाटात आहे. पणजोबांच्या नावचे. लिहिणारा एका नाटककंपनीचा मालक. साल पुसले आहे, पण बार्शीच्या स्टेशनावर गाड्या पाठवाल का असे विचारतो, त्या अर्थी लातूरला रेल्वे यायच्या आधीचे.

नाटकाविषयी त्यात एक अक्षर नाही. गावात पटकी आहे का? मांडवाजवळच्या विहिरीला पाणी किती? चाळीस माणसांना पुरेसा वाडा मिळेल का? तूर कशी आहे? तिकिटाचे पैसे हालीत येतील की कलदारात? शेवटी, घरच्या मंडळींना पहिल्या खेळाचे पास ठेवतो, पानसुपारीस अवश्य यावे, असा गोडवा. व्यवहार आणि स्नेह एकाच पैशात बसवलेला!

ही तुरीची चौकशी मला सर्वांत बोलकी वाटते. पीक बुडाले की बाजार थंड, बाजार थंड की मांडव रिकामा. आणि मांडव रिकामा राहिला तर चाळीस माणसे परक्या मुलखात अडकून पडणार, परतीचे भाडेसुद्धा नाही. नटाची नजर प्रेक्षकांवर असते म्हणतात. या मालकाची आभाळावर होती.

कार्डाच्या कोऱ्या कडेला पणजोबांनी उत्तराचे टाचण मोडीत केले आहे. एका जाणकाराकडून मी ते वाचवून घेतले. पटकी नाही. पाणी आहे. तूर आठ आणे. गाड्या अकरा पाठवतो, भाडे तुम्ही द्यावे, कलदारात.