बी पेशींची ‘ओळख’ संकेतानुसार बदलते. लस आणि औषधांशी थेट संबंध

नवी दिल्ली : रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याची जबाबदारी शरीरातील बी पेशींवर असते. ही पेशी सक्रिय झाली की तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची मांडणी बदलते. मात्र, हा बदल सरसकट एकसारखा नसतो. सक्रियतेचा संकेत कोठून आला, यावर तो अवलंबून असतो.

तीन संकेत

रोगजंतूचा अंश पेशीवरील ग्राहीला चिकटणे, हा पहिला संकेत. त्यानंतर काही तासांतच सीडी६९ हे प्रथिन पृष्ठभागावर येते. पाठोपाठ सीडी८६ वाढते आणि ते टी पेशींना उद्युक्त करते.

दुसरा संकेत टी पेशींकडून सीडी४० या ग्राहीमार्फत मिळतो. त्यामुळे सीडी८० आणि सीडी९५ वाढतात. इंटरल्युकिन-४ची जोड मिळाल्यास सीडी२३ही वाढते. आयजीएमऐवजी आयजीजी प्रतिपिंडे तयार होण्यासाठी हा संकेत महत्त्वाचा आहे. तो देणारे प्रथिन जन्मतः सदोष असलेल्या बालकांमध्ये आयजीजी अत्यल्प राहते आणि त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतो.

तिसरा संकेत जिवाणूंचा डीएनए ओळखणाऱ्या टीएलआर९ या ग्राहीचा. त्यामुळे स्मृतिपेशी प्रतिपिंडनिर्मितीकडे वळतात आणि सीडी३८ वाढते.

लसीकरणातील महत्त्व

केवळ शर्करायुक्त आवरणापासून बनवलेल्या लशीला टी पेशींची मदत मिळत नाही. त्यामुळे दोन वर्षांखालील बालकांमध्ये तिचा प्रभाव कमी पडतो. हेच आवरण प्रथिनाला जोडले की दुसरा संकेतही मिळतो. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७पासून समाविष्ट झालेली न्यूमोकोकल लस याच तत्त्वावर आधारित आहे.

औषधांची मर्यादा

अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेले रिटुक्सिमॅब हे औषध सीडी२० असलेल्या बी पेशी नष्ट करते. मात्र, प्रतिपिंडे स्रवणाऱ्या परिपक्व प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसते; त्यांची खूण सीडी१३८ असते. त्यामुळे आधीची प्रतिपिंडे बऱ्याच अंशी टिकतात. नव्या लशीला प्रतिसाद देणाऱ्या बी पेशी मात्र उपचारानंतर काही महिने उपलब्ध नसतात. म्हणूनच शक्य असल्यास उपचारापूर्वी लस घेण्याचा सल्ला दिला जातो.

फ्लो सायटोमेट्री चाचणीत ही प्रथिने चमकणाऱ्या रंगद्रव्यांच्या साहाय्याने मोजतात. सीडी६९ दिसल्यास पेशी जागी झाली एवढेच कळते; तिला कोणी जागे केले, हे ठरवण्यासाठी अनेक खुणा एकत्रित तपासाव्या लागतात.